एका डोळ्याने दिसत असेल तर ड्रायव्हिंग लायसन्स कसं काढायचं

एका डोळ्याने दिसत नसलं तरी गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकतो. खासगी कार किंवा दुचाकीसाठी अनेक देशांच्या नियमांतच तशी तरतूद आहे. त्यासाठी ना ओळख लागते, ना कुणाच्या हातापाया पडावं लागतं. हे आधीच सांगतो, कारण मला भेटलेल्या कितीतरी जणांनी साधी चौकशीही केलेली नसते. घरातलं कुणीतरी "तुला कोण लायसन्स देणार?" असं म्हणून गेलेलं असतं आणि विषय तिथेच मिटलेला असतो. मला डाव्या डोळ्याने लहानपणापासून दिसत नाही आणि मी रोज गाडी चालवतो. ज्यांना अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आपला चांगला डोळा नेमकं काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक हवं. कागदपत्रांत तेच सिद्ध करायचं असतं आणि स्टिअरिंगवर बसल्यावरही तेच कामी येतं.

नियम काय मोजतात

डोळ्यांची तपासणी म्हटलं की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आठवतो. पण बऱ्याच देशांत परवान्यासाठी दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली नजरेची तीक्ष्णता, म्हणजे लांबचं किती स्पष्ट दिसतं. ती ६/१२ अशी लिहितात : निरोगी डोळ्याला जे अक्षर १२ मीटरवरून वाचता येतं, ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचता येतं. काही ठिकाणी हेच २०/४० किंवा ०.५ असं लिहिलेलं दिसेल, अर्थ एकच. चष्मा लावून एवढं दिसलं तरी चालतं, मग परवान्यावर चष्म्याची अट येते इतकंच.

दुसरी गोष्ट दृष्टिक्षेत्र. समोर एकाच जागी पाहत असताना दोन्ही बाजूंचं किती दिसतं, ते. एका डोळ्याच्या माणसाचा अर्ज खरा इथे ठरतो आणि नेमके इथेच लोक उगाच घाबरतात. दोन्ही डोळे चांगले असतील तर आडवं साधारण १८० अंश किंवा थोडं जास्तच दिसतं. एका निरोगी डोळ्याला कानाकडच्या बाजूला ९० ते १०० अंश आणि नाकाकडच्या बाजूला साधारण ६० अंश दिसतं. म्हणजे एकूण दीडशेच्या पुढेमागे. आता मागणी किती आहे ते पाहा. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात खासगी गाडीसाठी आडवं १२० अंश, त्यात डावी-उजवीकडे किमान ५० अंश आणि वर-खाली २० अंश मागितलेत. ब्रिटनमध्येही १२० अंशच. एक डोळा पूर्ण निरोगी असेल तर तो एकटा या मापात बसतो. नाकाकडची बाजू साठ अंशांची, मागणी पन्नासची. अंतर कमी आहे, पण आहे.

प्रत्येक देशाचा आकडा मात्र वेगळा. ऑस्ट्रेलियात एका डोळ्याच्या चालकाला ६/१२ नजर आणि ११० अंशांचं क्षेत्र लागतं आणि परवाना सशर्त मिळतो. जपानमध्ये एका डोळ्याची नजर ०.३ च्या खाली असेल तर दुसऱ्याची ०.७ आणि क्षेत्र १५० अंश हवं. हे माप बरंच कडक आहे. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष परीक्षेची सुरुवातच २० मीटरवरची नंबरप्लेट वाचण्यापासून होते आणि ती वाचता आली नाही तर परीक्षा तिथेच संपते.

भारतातला मामला नीट समजून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नमुना १ या स्वयंघोषणेत २५ मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी 'प्रत्येक डोळ्याने' ओळखता येते का, असं विचारलेलं आहे. किमान पाच वर्षं परवाना बाळगल्यानंतर एका डोळ्याची दृष्टी गेली असेल, तर बाहेरचा आरसा असलेल्या हलक्या खासगी गाडीपुरती सूट त्याच प्रश्नात दिलेली आहे. जन्मापासून किंवा लहानपणापासून एकच डोळा असलेला माणूस पहिल्यांदा परवाना काढायला जातो, तेव्हा या ओळीवर अडखळतो. त्याने खोटी खूण करू नये आणि अर्ज सोडून परतही येऊ नये. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा वेगळा नमुना, नमुना १अ, तिथे आहे. नेत्रतज्ज्ञांचा अहवाल त्याला जोडून अधिकाऱ्यासमोर ठेवावा आणि निर्णय लेखी मागावा. त्याबद्दल पुढे लिहितोच.

तुम्ही कुठल्याही देशात असा, परवाना कार्यालयाचा चालू नियम आणि चालू फॉर्म स्वतः वाचा. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा शब्द, शेजाऱ्याचा अनुभव, जुनी बातमी यावर विसंबू नका.

पायरी १ : डोळ्यांच्या डॉक्टरांचा अहवाल, तोही फॉर्म भरायच्या आधी

चष्म्याच्या दुकानातली तपासणी इथे पुरत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "मला ड्रायव्हिंग लायसन्ससाठी अहवाल हवा आहे." नाहीतर ते नेहमीची तपासणी करून, चष्म्याचा नंबर लिहून मोकळे होतील. अहवालात पाच गोष्टी याव्यात : चांगल्या डोळ्याची नजर चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह, त्या डोळ्याचं आडवं दृष्टिक्षेत्र अंशांत, दुसऱ्या डोळ्याला काय झालंय आणि कधीपासून, चांगल्या डोळ्यात काचबिंदू, पडद्याचा आजार वगैरे काही आहे का, आणि दृष्टी स्थिर आहे का. लाल-हिरवा रंग ओळखता येतो, हेही एका ओळीत लिहून घेतलं तर पुढे कुणी विचारत नाही.

दृष्टिक्षेत्राची तपासणी, जिला सगळे फील्ड टेस्ट म्हणतात, ती पहिल्यांदा करणाऱ्याला नक्की घाबरवते. अंधाऱ्या खोलीत आतून गोलाकार, पांढऱ्या यंत्रासमोर बसवतात. हनुवटी एका आधारावर, कपाळ पट्टीला टेकलेलं. मधोमध एक ठिपका असतो, नजर त्याच्यावरून हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मध्येच बराच वेळ काहीच दिसत नाही आणि वाटतं की आपली नजर गेली. तसं नसतं. नेहमीच्या तपासणीत यंत्र मुद्दामच दिवा इतका मंद करत नेतं की कुणालाच दिसू नये. त्यातूनच तुमची मर्यादा त्याला कळते. म्हणून अंदाजाने बटण दाबत बसू नका. न दिसलेल्या दिव्याला दाबलेलं बटण यंत्र टिपून ठेवतं आणि असं बरंच झालं की अख्खी तपासणी अविश्वसनीय ठरते.

या तपासणीच्या आणखी काही बारीक गोष्टी. बाहुली मोठी करणारे थेंब घालायच्या आधी फील्ड टेस्ट करून घ्या. खुर्चीची उंची जुळवायला लावा, मान वाकवून बसलात तर शेवटी पापणी खाली येते आणि वरच्या भागातले दिवे हुकतात. डोळा कोरडा पडला तर पापणी मिटा. बटण दाबताना मिटली तर काही हुकत नाही. थकलात तर सांगून थांबा. परवान्यासाठी काही देशांत एस्टरमन नावाचा प्रकार वापरतात, त्यात १२० ठिकाणी दिवे दाखवतात. तो डोळे झाकून न घेता, रोजच्यासारखं दोन्ही उघडे ठेवून करतात, त्यामुळे तुमच्या न दिसणाऱ्या डोळ्यावर पट्टी बांधायला निघाले तर विचारा.

चष्मा वापरत असाल तर जाड काड्यांची फ्रेम नको. रुंद काडी कानाकडच्या बाजूचे बरेच अंश खाते आणि आपल्याकडे उधळायला अंश नाहीत. बारीक काडीची, मोठ्या काचेची फ्रेम घ्या. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, ती सहजी फुटत नाही. एकच डोळा असलेल्याने नंबर नसला तरी असा साधा चष्मा वापरावा, असं डॉक्टरही सांगतात आणि मीही सांगेन.

पायरी २ : डोळा नुकताच गेला असेल तर थांबा

लहानपणापासून एकाच डोळ्यावर वाढलेला माणूस आणि अपघाताने किंवा आजाराने एक डोळा अचानक गमावलेला माणूस, यांची गोष्ट वेगळी आहे. 'आळशी डोळा' किंवा तिरळेपणामुळे एका डोळ्याने कधीच नीट न दिसलेल्याच्या मेंदूने अंतर ओळखण्याच्या दुसऱ्या युक्त्या केव्हाच शिकून घेतलेल्या असतात. अचानक डोळा गेलेल्याला सुरुवातीला पेल्यात पाणी ओतताना धार बाहेर पडते, जिन्याची शेवटची पायरी चुकते, शेकहँडला पुढे केलेला हात हवेतच राहतो. हे कमी होत जातं, पण त्याला महिने लागतात. युरोपीय निर्देशात अशा माणसाने सवय होईपर्यंत, उदाहरणादाखल सहा महिने, गाडी चालवू नये आणि त्यानंतरही तज्ज्ञांचा अनुकूल अभिप्राय घेऊनच सुरुवात करावी, असं म्हटलंय. तुमच्या देशात सक्ती नसली तरी हे पाळा. या काळात पायी रस्ता ओलांडण्याचा, गर्दीतून चालण्याचा, चेंडू झेलण्याचा सराव करा.

दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. दोन्हींना किंचित वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली काढतो. पण ही सोय हाताच्या अंतरावर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. रस्त्यावर जी अंतरं महत्त्वाची, पन्नास मीटर, शंभर मीटर, तिथे दोन डोळेवालाही मुख्यतः इतर खुणांवरच चालतो : गाडी किती वेगाने मोठी होत येतेय, कोण कुणाच्या आड येतंय, रस्त्याच्या कडा कुठे मिळतायत, सावली कुठे पडलीय. या सगळ्या खुणा एका डोळ्याला पूर्ण दिसतात. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात निकामी झाला. पुढच्याच वर्षी, एकवीस वर्षांचे असताना, ते भारताचे कसोटी कर्णधार झाले आणि १९७५ पर्यंत कसोटी खेळले. वेगवान गोलंदाजाचा चेंडू खेळायचा तर अंतर किती अचूक कळावं लागतं, हे क्रिकेट पाहणाऱ्याला सांगायला नको.

एक अपवाद लक्षात ठेवा. दुसऱ्या डोळ्याने थोडंसं दिसत असेल आणि त्यामुळे दोन-दोन प्रतिमा दिसत असतील, तर आधी त्यावर उपाय करा. काही वेळा डॉक्टर तो डोळा झाकायलाच सांगतात आणि मग तुम्ही नियमाच्या भाषेत एका डोळ्याचे चालक ठरता.

पायरी ३ : फॉर्म भरताना

लपवू नका. तक्ता पाठ करून, बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्याने पाहून पास झालेले लोक मला माहीत आहेत. पुढे कधी अपघात झाला, मग चूक समोरच्याची का असेना, चौकशीत पहिला प्रश्न तुमच्या डोळ्याचा येतो आणि खोटी घोषणा करून काढलेला परवाना तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो. विमा कंपनीलाही हे हवंच असतं. विम्याच्या अर्जात दृष्टीबद्दल प्रश्न असेल तर खरं उत्तर लिहा आणि त्याची प्रत ठेवा.

कृत्रिम डोळा बसवला असेल तर तपासणाऱ्याला आधीच सांगा. अहवालाच्या दोन-तीन प्रती बरोबर ठेवा. मूळ प्रत हातातून सोडताना पोच घ्या.

पायरी ४ : गाडी स्वतःला जुळवून घ्या

कुठला डोळा गेलाय त्यावर बरंच अवलंबून आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशांत चालक उजवीकडे बसतो. डावा डोळा नसेल तर गाडीची अख्खी लांबची बाजू, म्हणजे डावीकडून घुसणाऱ्या दुचाकी, फूटपाथवरून उतरणारी माणसं, नाकाच्या पलीकडे जाते. उजवा नसेल तर ओव्हरटेक करताना मागून येणारी गाडी आणि चौकात उजवीकडून येणारी रहदारी अवघड होते. उजव्या बाजूने वाहतूक असेल तर हे सगळं उलटं. स्वतःची कमकुवत बाजू ओळखून त्या बाजूचा आरसा थोडा बाहेर वळवा. आपल्याच गाडीचा पत्रा त्यात जेमतेम कडेला दिसला तरी पुरे. त्याच आरशावर छोटा बहिर्गोल आरसा चिकटवला तर ब्लाइंड स्पॉट बराच आवरतो, पण त्यात गाड्या असतात त्याहून लांब वाटतात हे विसरू नका.

सगळ्यात जास्त काळजी समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांची घ्या. ड्रायव्हिंग शिकवणारे याबद्दल क्वचितच बोलतात, कारण दोन डोळेवाल्याला हा प्रश्न तितका जाणवत नाही. खांब साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर असेल, तर एका डोळ्याला २० मीटरवरचा जवळजवळ तीन मीटरचा पट्टा त्याच्याआड दिसत नाही. दोन डोळे असतील तर एकाला न दिसलेला भाग दुसऱ्याला दिसतो आणि झाकलेला पट्टा मीटर-सव्वा मीटरवर येतो. तीन मीटरमध्ये अख्खी दुचाकी बसते. वाईट म्हणजे, तुम्ही आणि ती दुचाकी एकाच चौकाकडे जुळत्या वेगाने येत असाल तर ती शेवटपर्यंत त्याच खांबामागे राहू शकते. उपाय एकच : चौकाजवळ आलात की खांदे सीटवरून उचलून पुढे वाका, मग मागे. डोकं वीतभर हललं तरी खांबामागचं जग उघडं पडतं. मी प्रत्येक चौकात हे करतो. शेजारी बसलेल्यांना सुरुवातीला विचित्र वाटतं, नंतर सवय होते.

सीट थोडी उंच ठेवा. समोरची काच आतूनही पुसा. खांबाजवळ लोंबणाऱ्या माळा, स्टिकर, मोबाइलचा स्टँड, सगळं काढून टाका.

आणखी एक जागा आहे जी दोन डोळेवाल्याला नसते. प्रत्येक डोळ्यात दृष्टीची नस जिथून बाहेर पडते तिथे काहीच दिसत नाही. हा अंधबिंदू कानाकडच्या बाजूला साधारण १५ अंशांवर असतो. दोन डोळे असले की एकाचा खड्डा दुसरा भरून काढतो. आपल्याकडे भरायला दुसरा नाही. घरी करून पाहा : हात लांब करून दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी धरा, नजर एका अंगठ्यावर रोवा आणि दुसरा हळूहळू कानाच्या दिशेने सरकवा. पंधरा-सोळा सेंटीमीटरवर त्याचं टोक नाहीसं होईल आणि मेंदू तिथे मागची भिंत रंगवून टाकेल. रस्त्यावर २० मीटरच्या अंतरावर हा खड्डा जवळजवळ दोन मीटरचा असतो. म्हणून नजर एका ठिकाणी खिळवून गाडी चालवायची नाही. डोळा सतत फिरता ठेवा. हलत्या डोळ्याचा अंधबिंदू एका जागी टिकत नाही.

पायरी ५ : सराव, मोकळ्या मैदानात

शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की अमुक डोळ्याने दिसत नाही. तो त्या बाजूला बसत असेल तर त्याचे हातवारे तुम्हाला दिसणार नाहीत, त्याला तोंडाने बोलावं लागेल. हे ऐकून जो कुरकुर करेल त्याच्याकडे शिकू नका.

रस्त्यावर जायच्या आधी मोकळ्या जागेत दोन पुठ्ठ्याची खोकी आणि एक मोजपट्टी घेऊन जा. खोकं समोर ठेवा, हळू गाडी न्या आणि बंपर एक मीटरवर आला असं वाटलं की थांबा. उतरा, मोजा. सुरुवातीला अंतर बरंच चुकेल, बहुधा फार लवकर थांबाल. पुन्हा करा. मग मागे, रिव्हर्समध्ये. मग खोकं कमकुवत बाजूच्या कोपऱ्याला ठेवून. प्रत्येक वेळी उतरून मोजायचं, नुसतं काचेतून बघून 'जमलं' म्हणायचं नाही. मोजताना एक गोष्ट आपोआप शिकाल : बॉनेटच्या किंवा डॅशबोर्डच्या कुठल्या रेषेशी खोक्याचा तळ जुळला की एक मीटर उरतो. ती खूण तुमची पट्टी. पार्किंग सेन्सर आणि मागचा कॅमेरा असेल तर जरूर वापरा, पण परीक्षेच्या गाडीत तो असेलच असं नाही.

हळू वेगात, सिग्नलला थांबताना, डोकं किंचित डावी-उजवीकडे झुकवा. जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंपेक्षा जास्त सरकतात आणि अंतर लगेच कळतं. मांजर उडी मारायच्या आधी डोकं हलवतं, तसंच.

मान वळवण्याची सवय कमकुवत बाजूला दुप्पट लागते. नुसता डोळा कोपऱ्यात नेऊन भागत नाही, नाक आड येतं. हनुवटी जवळजवळ खांद्यावर येईपर्यंत वळवा. लेन बदलताना क्रम पक्का करा : आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर, मगच स्टिअरिंग. आणि पुढच्या गाडीपासून इतरांपेक्षा जास्त अंतर ठेवा. तीन सेकंदांचं अंतर बरं : पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा, तुम्ही तिथे पोचेपर्यंत तीन झाले पाहिजेत. मान वळवण्यात जो क्षण जातो तो या अंतरातून मिळतो.

रात्रीचा सराव शेवटी घ्या. समोरून प्रखर दिवे आले तर आपल्याकडे सावरायला दुसरा डोळा नाही. दिव्याकडे पाहू नका, आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेवर नजर ठेवा, वेग आधीच कमी करा. चष्म्याच्या काचेवर चरे असतील तर रात्री त्यांच्या रेघोट्या फार त्रास देतात, काच बदला.

पायरी ६ : परीक्षेचा दिवस

पुरेशी झोप आणि स्वच्छ चष्मा. आदल्या दिवशी बाहुली मोठी करणारी तपासणी ठेवू नका. परीक्षकाला नमस्कार करून शांतपणे सांगा, "मला एकाच डोळ्याने दिसतं, डॉक्टरांचा अहवाल जोडलेला आहे. म्हणून मी मान जास्त वळवतो." हे वाक्य सांगितल्याने परीक्षक तुमच्या हालचालींकडे वेगळ्या नजरेने पाहतो, न सांगता तीच हालचाल गोंधळल्यासारखी दिसते. मान ठळकपणे वळवा. आरशात नुसती नजर गेली तर त्याला ती कळत नाही.

रिव्हर्स घेताना घाई नको. शंका आली तर थांबा, पाहा, पुन्हा निघा.

नकार मिळाला तर

तोंडी 'होणार नाही'ला नकार समजू नका. खिडकीवरच्या माणसाला निर्णयाचा अधिकार बहुधा नसतो. अर्ज दाखल करा आणि कारण लेखी मागा. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७ नुसार परवाना नाकारताना कारणं लेखी द्यावी लागतात आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. इतर देशांतही अपिलाची किंवा फेरतपासणीची सोय शोधा, ती सहसा असते.

कारण वाचा. नजर कमी भरली असेल तर आधी चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घ्या. जुन्या नंबरचा चष्मा लावून तपासणीला गेलेल्यांची संख्या कमी नसते. क्षेत्र कमी भरलं असेल तर फील्ड टेस्ट पुन्हा करून घेता येते का विचारा, पहिल्या वेळी बहुतेकांची थोडी खराब येते. सशर्त परवाना, म्हणजे फक्त खासगी गाडी, जादा आरसा, चष्मा सक्तीचा, ठरावीक काळाने तपासणी, असं काही मिळत असेल तर घ्या. आणि चांगल्या डोळ्यातलाच आजार हे कारण असेल तर ते मानून घ्या. काचबिंदू बाजूची नजर न कळत खातो, आणि तो असा परवान्याच्या तपासणीत सापडला तर उपचार लवकर सुरू होतात.

बस, ट्रक, टॅक्सी चालवायची असेल तर

इथे दार बरंच अरुंद आहे. युरोपीय निर्देशात जड वाहनांसाठी चांगल्या डोळ्याला ०.८ आणि कमी चांगल्यालाही किमान ०.१ नजर लागते, म्हणजे एक डोळा पूर्ण गेलेल्याला परवानगी नाही. अमेरिकेत आंतरराज्य व्यावसायिक चालकांसाठी २२ मार्च २०२२ पासून नवा नियम लागू झाला : चांगल्या डोळ्याची नजर २०/४०, क्षेत्र किमान ७० अंश, रंग ओळखता येणं, दृष्टी स्थिर असणं आणि सवय व्हायला पुरेसा काळ गेलेला असणं, अशा अटींवर एका डोळ्याचा माणूसही पात्र ठरू शकतो. दरवर्षी तपासणी लागते. पोटापाण्यासाठी गाडी चालवायचा विचार असेल तर फी भरून शिकायला लागण्याआधी आपल्या देशाचा हा नियम पाहा.

परवाना हातात आल्यावर

दुचाकी चालवणाऱ्याने हेल्मेटची काच कायम खाली ठेवावी. कारवाल्याने धुळीच्या रस्त्यावर खिडकी बंद. दोन डोळेवाल्याच्या डोळ्यात चिलट गेलं तर तो एक डोळा मिटून पुढे जातो; आपल्या डोळ्यात गेलं तर पुढचं काहीच दिसत नाही. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून, मोकळ्या जागेत करून पाहिलेलं असावं : स्टिअरिंग सरळ धरायचं, अॅक्सिलरेटर सोडायचा, हळू ब्रेक, धोक्याचे दिवे चालू. डोळा चोळायला हात वर जातोच, तो जाऊ द्यायचा नाही. पापणी भराभर उघडझाप करायची, म्हणजे मधूनमधून रस्ता दिसतो. बाजूला थांबल्यावर स्वच्छ पाण्याने धुवायचं. गाडीत पाण्याची बाटली आणि जादाचा चष्मा कायम ठेवा.

दरवर्षी डोळा तपासा, काही त्रास नसला तरी. एकाएकी काळे ठिपके तरंगायला लागले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा कुठूनतरी पडदा सरकत आल्यासारखं वाटलं, तर गाडीला हात न लावता दुसऱ्या कुणाबरोबर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती पडदा सुटण्याची लक्षणं असू शकतात. पहिल्या फील्ड टेस्टचा कागद फाइलमध्ये जपून ठेवा आणि दर वर्षी नवा काढला की डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून पाहायला सांगा. नूतनीकरणाच्या वेळी तीच फाइल घेऊन जायचं.